राहू द्या, मीच करते!

ताई, नमस्कार.

मी इंदिरानगरला राहतो. सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये झाली, गेल्या वर्षी निवृत्त झालो. मिसेसने इतकी वर्षं घर एकटीने ओढलं, आता आपण हातभार लावायचा असं ठरवलं होतं. झालं भलतंच. नळ गळत होता म्हणून वॉशर आणायला गेलो. फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या, बसेल असा वॉशर काही मिळाला नाही. कुकरची रिंग आणली, ती सैल निघाली. मिक्सर बंद पडला म्हणून पिशवीत घालून थेट मेन रोडला नेला. कारागिराने तो उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं आणि पैसेही न घेता हसत परत दिला. पांढऱ्या सदऱ्यावर मिसळीचा रस्सा सांडला. मिसेसला दिसायच्या आत धुऊन टाकू म्हणून साबण लावला, तर पिवळा डाग लालभडक झाला. जानेवारीत कांदा स्वस्त दिसला म्हणून अख्खी गोणी आणली, ती सडली आणि घरभर वास सुटला. परवा तर कहरच झाला. मोटर चालू करून पेपर वाचत बसलो, टाकी भरून वाहिली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी गच्चीवर घातलेल्या कुरडया त्या पाण्यात गेल्या. तेव्हापासून त्या आमच्याशी बोलत नाहीत.

मिसेस रागवत नाही. ती एवढंच म्हणते, “राहू द्या, मीच करते.” ताई, रागावली असती तर परवडलं असतं. सिलिंडरचं काम तेवढं मला जमतं. बदलल्यावर काडी पेटवून बघितली, कुठे गळत नव्हता. बाकी सगळ्यात नापास. नोटा छापणाऱ्या कारखान्यात कधी चूक होऊ दिली नाही आणि घरात साधी कोथिंबीर धड आणता येत नाही, हे काय गौडबंगाल आहे? मी घरात काही करावं की गप्प बसावं?

ता. क. : जुन्या पितळी पातेल्याला कल्हई करून आणायचं मी अंगावर घेतलं आहे. कुठे न्यावं? त्यातही काही घोळ होण्यासारखं आहे का?

– नाना, इंदिरानगर

नाना, नमस्कार.

ज्या विषयात तुम्ही स्वतःला पास करून टाकलंत, तिथूनच सुरुवात करते. बाकीचे घोळ हसण्यावारी नेता येतील, हा येणार नाही. गॅसची गळती काडी पेटवून बघायची नाही. कधीच नाही. गळत नव्हता म्हणून तुमचं पत्र माझ्यापर्यंत आलं. वाटीत भांड्याचा साबण कालवून फेस करा आणि तो रेग्युलेटरच्या कडेला, नळीच्या दोन्ही टोकांना लावा. बुडबुडे फुगायला लागले तर गळती आहे. तसं दिसलं किंवा नुसता वास जरी आला, तरी शेगडी आणि रेग्युलेटर बंद करायचा, तो काढून सिलिंडरला टोपी लावायची, दारं-खिडक्या सताड उघडायच्या. दिव्याच्या, पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. मग बाहेर येऊन १९०६ ला फोन लावायचा. हा गळतीसाठीचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो.

सिलिंडर घेऊन आलेला पोऱ्या दारात आहे तोवरच त्याला सील काढायला लावा आणि आतली छोटी रबरी रिंग जागेवर आहे ना ते बघून घ्या. पुष्कळ वेळा भानगड त्या रिंगचीच असते. शिवाय सिलिंडरच्या गळ्याशी ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूने एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जून, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. सिलिंडरची पुढची तपासणी कधी व्हायला हवी ते त्यावरून कळतं. ती मुदत उलटलेली असेल तर सिलिंडर घरात घ्यायचा नाही, तिथल्या तिथे परत करायचा. ही तपासणी तुम्हाला आवडेल असं मला वाटतं, छापलेला आकडा वाचण्यात तर तुमची हयात गेली.

आता गौडबंगालाचं. मला त्यात गूढ असं काही दिसत नाही. प्रेसमध्ये काम हातात यायचं ते पुरतं ठरून यायचं. कागद कुठला, शाई कुठली, किती नग, कुणाकडून घ्यायचे, कुणाच्या ताब्यात द्यायचे. मोजल्याशिवाय काही पुढे सरकत नव्हतं. घरात काम कसं मिळतं? “येताना कुकरची रिंग घेऊन या हो.” कुठल्या कुकरची? तीन लिटरच्या की पाच? झाकण आत बसतं त्याची की बाहेरून बसतं त्याची? ही सगळी माहिती वहिनींच्या, म्हणजे तुमच्या मिसेसच्या, डोक्यात आहे आणि ती तिथे इतकी मुरली आहे, की दुसऱ्याला सांगावी लागेल हे त्यांच्या ध्यानातच येत नाही. ‘नेहमीचे पोहे’, ‘मागच्या वेळचा तांदूळ’, ‘त्या कोपऱ्यावरच्याकडची डाळ’. नेहमीचे म्हणजे जाड की पातळ, हे ज्याने कधी पोहे केलेच नाहीत त्याला कसं कळणार?

तेव्हा अर्ध्या घोळांची जबाबदारी सांगणाऱ्याकडेही जाते. पण नाना, उरलेला अर्धा भाग नक्की तुमचा आहे. तुम्ही विचारत नाही. “हो हो, कळलं” म्हणत चपला पायात सरकवायच्या, हा आपल्याकडच्या पुरुषमंडळींचा जुना शिरस्ता. घरात विचारलं तर कमीपणा वाटतो, मग दुकानातून फोन. तेव्हा वहिनींचे हात कणकेत असतात, फोन ओट्यावर थरथरत असतो आणि मागे गिऱ्हाइकांची रांग खोळंबलेली. त्यापेक्षा दारातच दोन मिनिटं उभं राहून ‘कोणता, किती आणि नाही मिळाला तर काय आणू’ एवढं विचारून निघा. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच कुणी विचारत नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत तर विचारायचीही गरज नाही. जुना भाग काढा, खिशात घाला आणि दुकानदाराच्या काउंटरवर ठेवा. तोंडाने वर्णन करायच्या फंदात पडू नका. ‘एवढा, गोल, काळा’ असं दोन बोटांनी दाखवणारी माणसं हार्डवेअरच्या दुकानात मी पुष्कळ पाहिली आहेत. दुकानदार सहा डबे उघडतो आणि त्यातला चुकीचाच नेमका घरी येतो.

तुमचा वॉशर का मिळाला नाही, याचा मला अंदाज आहे. बहुधा त्या नळात वॉशर नसेलच. जुन्या पितळी नळाची मूठ चार-पाच फेरे फिरते, त्याच्या पोटात काळा रबरी वॉशर असतो. आताचे नळ पाव फेऱ्यात उघडतात आणि मिटतात. त्यांच्या आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकत असतात. असा नळ गळायला लागला की आतला अख्खा स्पिंडल बदलायचा, तो काही महाग नसतो. आधी बाहेरचा कॉक बंद करा. मग सिंकच्या जाळीवर फडकं अंथरा, नाहीतर मुठीतला इवलासा स्क्रू थेट गटारात जाईल आणि त्यासाठी वेगळी फेरी. पाना दात नसलेला घ्या, किंवा पान्याखाली कापड गुंडाळा, म्हणजे नळाच्या चकाकीवर ओरखडे उठणार नाहीत. नळच बदलायची वेळ आली, तर आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना ती सुटून गोळा होते आणि भिंतीतून पाणी झिरपत राहतं.

कुकरच्या रिंगलाही हाच नियम, जुनी सोबत न्या. कंपनी आणि लिटर कुकरवरच कोरलेले असतात, मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवलात तर जन्माची सोय. सैल झालेली रिंग थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवली तर एखादा वरणभात निभावून नेते, पण तेवढंच. रिंगच्या बाबतीत दुसऱ्या कंपनीची एखादे वेळी चालूनही जाते. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला ती सवलत नाही. तो त्याच कंपनीचा, त्याच कुकरचा हवा. आणि शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते ना, हे कुकर लावण्याआधी बघायची सवय लावून घ्या. डाळीचं एखादं साल तिथे अडकून बसलेलं असतं.

मिक्सरवरून तुम्ही इतके खजील झालात, पण तुमच्यासारखे त्या कारागिराकडे रोजच येत असणार, म्हणून तर तो हसला. ते लाल बटण म्हणजे मोटारीचं कवच. भांडं गच्च भरलं, भिजवलेली डाळ फारच घट्ट असली किंवा एका दमात फार वेळ फिरवलं की मोटार तापते, आणि जळून जाण्याआधी ते बटण बाहेर येऊन वीज तोडतं. प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या, भांड्यातलं थोडं काढून घ्या, बटण आत दाबा. पुन्हा पुन्हा बंद पडत असेल किंवा जळका वास येत असेल तरच दुकान गाठा. मोटार घुंघुं करते आहे पण पातं फिरत नाही असं झालं, तर खालचा रबरी कपलर झिजलेला असतो. तो बदलून मिळतो.

सदऱ्याचं मात्र मला हसू आवरेना. त्यात रंग जाण्याचा किंवा सदरा वाया जाण्याचा काही संबंध नाही. हळदीचा तो धर्मच आहे. साबण, सोडा, चुना असं काही लागलं की हळद लाल होते. लग्नाकार्यातलं कुंकू आपण हळदीला चुना लावूनच करत होतो की! साबण पूर्ण निघेपर्यंत सदरा पाण्याने खळबळा, डाग परत पिवळ्यावर येईल. रस्श्यातलं तेल काढायला साबण लावावाच लागतो, तेव्हा लाल झालं म्हणून घाबरू नका, धुऊन काढा. उरलेला पिवळा डाग ओला करून उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. एप्रिलचं नाशिकचं ऊन दोन-तीन दिवसांत काम उरकेल. ब्लीच ओतायच्या भानगडीत पडू नका. आणि डाग लपवून काय मिळवलंत? वहिनींना विचारलं असतंत तर त्यांनी हे सगळं पोळी लाटता लाटता सांगितलं असतं.

कोथिंबिरीचं थोडक्यात. जुडी वरून बघायची नाही, बांध किंचित सैल करून आत बोट घालायचं. मधल्या काड्या चिकट लागल्या की खाली ठेवायची. वास आला पाहिजे. पाणी मारलेली जुडी वजनदार लागते, पण दुसऱ्या दिवशी काळी पडते. एकदा वहिनींबरोबर गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात जा. पिशवी धरायचं काम तुमचं, आणि त्या जुडी कशी उचलतात, कुठली टाकून देतात, ते नुसतं बघा.

आता कांदा. नाशिकच्या माणसाने कांद्यात फसावं, हे मला सगळ्यात लागलं. लासलगाव आपल्या जिल्ह्यात, भाव पडला की पहिल्या पानावर बातमी आपल्याकडे, आणि आपणच जानेवारीत साठवणीला लाल कांद्याची गोणी आणतो! पावसाळ्यात लावलेला पोळ कांदा आणि त्याच्या मागून येणारा रांगडा, हे खाऊन संपवायचे कांदे. त्यांच्यात पाणी जास्त, मान जाड, साल पातळ. दोन-चार आठवड्यांत कोंब तरी फुटतात किंवा बुडातून चिकट पाणी तरी सुटतं. टिकतो तो उन्हाळ. रब्बीचा कांदा मार्च-एप्रिलपासून निघतो, मे महिन्यात शेतकरी तो कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरतो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरवून विकतो. म्हणजे तुम्ही चुकलात ते महिन्यात. भावात नाही.

आणि आता तोच महिना आलाय. म्हणून माझं म्हणणं, यंदाचा साठवणीचा कांदा तुम्ही घ्या. दोन माणसांच्या घराला अख्खी गोणी कशाला? वीस-पंचवीस किलो पुष्कळ झाला. रस्त्याकडेला शेतकऱ्यांच्या पिकअप उभ्या असतात, तिथे ओंजळीत घेऊन बघा. साल वाळून कागदासारखं कुरकुरायला हवं. मान बारीक आणि सुकलेली हवी. फार मोठा नको, मध्यम बरा. डेंगळे (फुलाचे दांडे) निघालेले, जोडकांदे, कुदळ लागून कापलेले असे बाजूला काढा. विकत घ्यायचेच नाहीत असं नाही, पण ते पहिल्या पंधरवड्यात संपवायचे. घरी आणलेत की गॅलरीत सावलीला चार दिवस पसरून ठेवा, मग जाळीच्या पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरा. जमिनीला टेकवू नका, वारा खालूनही लागला पाहिजे. बटाट्यांच्या शेजारी ठेवू नका, दोघांचंही नुकसान होतं. आणि खरं काम पुढेच आहे. दर पंधरा दिवसांनी सगळे कांदे हातांखालून काढायचे. जून-जुलैच्या दमट हवेत एक नासला तर आजूबाजूचे चार नासवतो. वास येईपर्यंत थांबायचं नाही, बोटाने दाबून मऊ लागला की बाहेर.

हे सगळं एवढं का सांगितलं, तर त्यात तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. “राहू द्या, मीच करते” यामागे तिरस्कार नाही, हिशोब आहे. तुम्हाला समजावून सांगण्यात दहा मिनिटं, तुम्ही आणलेलं बदलण्यात अर्धा तास, आणि स्वतः केलं तर पंधरा मिनिटं. कुणीही तिसरा पर्याय निवडेल. तुम्ही ‘हातभार’ लावता, म्हणजे काय संपलंय हे बघायचं वहिनींनी, लक्षात ठेवायचं वहिनींनी, तुम्हाला सांगायचं वहिनींनी, आणलेलं तपासायचंही वहिनींनी. तुमच्याकडे फक्त जाणं-येणं. अशा मदतीने काम कमी होत नाही, एक माणूस वाढतो.

एक कडू गोष्टही सांगते, राग मानू नका. एखादं काम नीट जमलं नाही की ते परत आपल्याकडे येत नाही, ही सोय पुष्कळ नवऱ्यांना पुष्कळ वर्षं पुरली आहे. तुम्ही त्यांतले नाही, कारण त्यांतले लोक मला पत्र लिहीत नाहीत. पण वहिनींनी तुमच्याबद्दल असा विचार एखाद्या वेळी केला असेल, हे धरून चाला.

तेव्हा सगळीकडे थोडं थोडं करणं सोडा. तीन खाती मागून घ्या : कांदा-बटाटा, गॅस-कुकर-मिक्सरची देखभाल, आणि पाणी. मागून घेताना म्हणा, “यातलं काय संपलंय हे तू मला सांगायचं नाहीस, मी बघेन.” आणि मग खरोखर बघा. कांदे संपत आलेत हे वहिनींनी सांगायची वेळ आली, तर ते खातं तुमचं नाही. सुरुवातीला त्या मागून येऊन क्रेटमध्ये डोकावतील. डोकावू द्या. त्यांच्या जागी तुम्ही असतात तर तुम्हीही डोकावला असतात, त्या गोणीचा वास अजून कुणी विसरलेलं नाही.

पाण्याचं खातं मी मुद्दाम घातलं. गंगापूर धरणातलं पाणी एप्रिलात गच्चीवरून वाहून जाणं हे एरवीही शोभत नाही. एकदा घड्याळ लावून बघा, रिकामी टाकी भरायला किती वेळ लागतो. तेवढ्या मिनिटांचा गजर मोटर चालू करतानाच मोबाइलवर लावा, नंतर लावतो म्हणायचं नाही. खरा उपाय म्हणजे टाकीत पाण्याची पातळी कळून मोटर आपोआप बंद करणारं यंत्र. ते सोसायटीच्या खर्चाने बसवून घ्यायचा विषय पुढच्या बैठकीत तुम्हीच काढा. परवाच्या प्रकारानंतर तुमच्याइतकं जोरात बोलायचा हक्क दुसऱ्या कुणाला नाही.

आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. त्या का बोलत नाहीत हे तुम्हाला कळलंय का, अशी शंका मला पत्र वाचताना आली. कुरडया म्हणजे गच्चीवर वाळत घातलेला एक पदार्थ, एवढंच तुम्हाला दिसतंय. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, त्या आंबट वासात. मग वाटून, गाळून चीक काढायचा, तो रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून द्यायचं. पहाटे उठून मोठ्या पातेल्यात चीक शिजवायचा, गुठळी होऊ न देता ढवळायचा, हात भरून येतात. आणि तो गरम आहे तोवर सोऱ्यातून एकेक कुरडई साडीवर घालायची, ऊन चढायच्या आत. हे सगळं तुमच्या पेपरच्या दोन पानांत वाहून गेलं. ‘सॉरी हं, लक्षात नाही राहिलं’ एवढ्यावर हे मिटत नाही.

खपली नको, चांगले साधे लोकवन गहू घ्या, त्यांनी भिजवले असतील तेवढे, विचारून. दोघं मिळून खाली जा. वहिनींना पुढे करून तुम्ही मागे उभे राहू नका, बोलायचं तुम्ही. आणि सांगा, “परत घालाल त्या दिवशी चीक ढवळायला आणि सोऱ्या दाबायला मी येतो.” त्या नको म्हणतील. तरी त्या दिवशी सकाळी गच्चीवर हजर राहा. दुपारभर कावळे-कबुतरं हाकलायला काठी घेऊन बसा, ते काम कुणालाच नको असतं. भिजलेल्यांपैकी काही जर पाण्यात नुसत्याच मऊ झाल्या असतील आणि स्वच्छ असतील, तर त्यांची भाजी होते. पण हे आधीच झालं असेल, आणि नसलं तरी त्यांना तुम्ही सांगायला जाऊ नका.

राहता राहिली कल्हई. भांडी बाजारात चौकशी करा. कल्हईवाले आता पूर्वीसारखे दारावर हाक मारत फिरत नाहीत, पण पितळी भांडी विकणाऱ्यांना ते कुठे बसतात हे ठाऊक असतं. गाडी मेन रोडपर्यंत नेऊ नका, लांब लावून चालत जा. पावसाळ्याच्या आत उरका. २०१९ च्या ऑगस्टसारखा पूर आला की गंगा भांडी बाजारात शिरते आणि दुकानदारांना आपला माल वर चढवायची घाई असते. दर भांड्याच्या आकारावर ठरतो, आधी विचारून घ्या. शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या, बघण्यासारखं काम आहे. भांडं तापवतात, नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने ते आतून फिरवतात आणि पिवळं भांडं बघता बघता रुपेरी होतं. घेताना आत बोट फिरवा. बुडाच्या सांध्यात आणि काठाखाली पिवळे ठिपके राहिले असतील तर तिथेच परत लावून मागा, कारण ताक, आमटी, आमसुलाचं सार अशी आंबट वस्तू त्याच ठिपक्यांवर कळकते.

घरी आणल्यावर ते रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. कथील २३२ अंशांनाच वितळतं, रिकाम्या भांड्यात आच तेवढी सहज चढते आणि पैसे दिलेली कल्हई बुडाशी गोळा होते. तारेच्या घासणीनेही घासायचं नाही. चोथा आणि राख किंवा साधा मऊ स्पंज पुरतो.

आणि निघण्यापूर्वी वहिनींना विचारा, पातेलं नेमकं कोणतं. माळ्यावर एकापेक्षा जास्त असणार.